एकसष्ट पब आणि नेव्हिलचा पास

आमच्या लंडनमध्ये माणूस सहासष्ट वर्षांचा झाला की कौन्सिल त्याला एक पास देतं. तो दाखवला की शहरभर हिंडणं फुकट. अटी दोनच. कामाच्या दिवशी सकाळी नवाच्या आत बसमध्ये चढायचं नाही, आणि राहायचं लंडनमध्येच. पहिली अट आम्ही सगळे म्हातारे इतक्या श्रद्धेने पाळतो की आठ सत्तावन्नची बस स्टॉपवरून रिकामी निघून जाते, आणि नऊ वाजून तीन मिनिटांच्या बसमध्ये उभं राहायला जागा नसते. दुसरी अट मी कधी वाचलीच नव्हती. ती नेव्हिलने वाचली होती.

नेव्हिल ट्रँटर माझा मित्र. नोकरीभर त्याने बसची वेळापत्रकं बनवली आणि मी वाचनालयाच्या संदर्भ विभागात बसून लोकांना हवी ती पुस्तकं काढून दिली, त्यामुळे आमच्यात काय बोलणं होत असेल असा प्रश्न माझ्या बायकोला, ग्वेंडाला, नेहमी पडतो. फारसं होत नाही. तेहेतीस वर्षं आम्ही दर गुरुवारी भेटतो. आधी कोपऱ्यावरच्या पबात भेटायचो. तो बंद पडून तिथे फ्लॅट झाले, तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात. हे ग्वेंडा चालवून घेते, पण चालवून घेते हे आम्हाला कळेल इतपत आवाजात भांडी घासते.

नोव्हेंबरातल्या अशाच एका गुरुवारी चहा ढवळता ढवळता नेव्हिल म्हणाला, "फिलिपा म्हणतेय, आमच्याकडे राहायला ये. गॅरेजची खोली करून घेतलीय तिने. एप्रिलपासून."

फिलिपा ही त्याची मुलगी. राहते नॉर्थहॅम्प्टनला, म्हणजे लंडनच्या पार बाहेर. नेव्हिलची बायको जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून तो एकटाच राहतो, हे ध्यानात घेतलं तर मुलीचं म्हणणं शंभर टक्के रास्त होतं. मला मात्र ते मुळीच आवडलं नाही. आणि न आवडलेल्या गोष्टीला सभ्य माणसाने जे म्हणायचं असतं तेच मी म्हणालो.

"वा! फारच छान."

"हो ना," नेव्हिल म्हणाला. "छानच." आणि त्याने चहात साखरेचा चौथा चमचा घातला. नेव्हिल चहात साखर घेत नाही.

त्याने चमचा बशीत ठेवला. मग तो म्हणाला, "पास मात्र जाणार. लंडनबाहेर गेलं की रद्द होतो."

"अरे अरे," मी म्हणालो.

"पाच वर्षांच्या वर झाली पास मिळून. वापरला कशाला? दाताच्या डॉक्टरकडे जायला."

एकतीस मार्चपर्यंत या पासाचं सोनं करायचं, ही कल्पना त्याची. लंडनमध्ये थॉर्नडाइक नावाच्या साखळीचे एकसष्ट पब आहेत. कुठेही गेलात तरी तीच बिअर, तेच सॉसेज, तीच प्लास्टिकची मेनूकार्डं. ते सगळे पालथे घालायचे, प्रत्येक ठिकाणी अर्धा ग्लास तरी घ्यायचा, आणि जायचं फक्त बसने. भुयारी गाडी नाही. भुयारातून जाणं म्हणजे शहर न बघता शहर ओलांडणं, असं नेव्हिलचं मत आहे. दुसऱ्याच दिवशी तो चार रंगांच्या शाईत आखलेलं वेळापत्रक घेऊन आला. मी इतका आनंदी माणूस दाताच्या दवाखान्याबाहेर पडतानाच पाहिला आहे.

आता, मी संदर्भ विभागातला माणूस. साखळीच्या पबात पाऊल ठेवणार नाही, असं मी आजवर चार लोकांत बोलून चुकलो होतो. ग्वेंडाला ते पाठ होतं.

"सकाळी अकरा वाजता पबात जाणारे दोन म्हातारे," ती म्हणाली, "हा काही प्रकल्प नाही माल्कम. ते लक्षण आहे."

शेजारच्या मिसेस बेकफर्ड जमैकाहून आल्या त्याला पन्नास वर्षं झाली, पण इथली गप्प बसायची सवय त्यांना अजून लागलेली नाही. कुंपणावरून त्यांनी आल्याच्या गोळ्या दिल्या, लोकरी बनियन घाला म्हणून बजावलं, आणि मग विचारलं, "पण मिस्टर सेजली, तुम्हाला चालणार आहे का तो गेलेला?"

"त्यांच्या घरचा प्रश्न आहे तो. आपण कसं बोलायचं?"

"तोंडाने!" मिसेस बेकफर्ड म्हणाल्या. "तुम्हा लोकांचं घर पेटलं ना, तरी म्हणाल, आज जरा उबदार आहे नाही!"

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून मी हवेबद्दल बोललो. हवा थंड होती.

तर निघालो. पहिल्या आठवड्यात चार पब झाले आणि माझ्या प्रतिष्ठेचे तेवढेच तुकडे. काउंटरवरची तिशीतली बाई "काय देऊ, डार्लिंग?" म्हणाली, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, मागे कोणी देखणा माणूस उभा असेल. मागे नेव्हिल होता. अर्धा ग्लास मागितला की काउंटरवरच्या बायका, आपण 'पूर्ण'च्या जागी चुकून 'अर्धा' ऐकलं की काय, अशा नजरेने बघतात. आणि या पबांची स्वच्छतागृहं कायम वरच्या मजल्यावर, दोन जिने, एक बोळ आणि आगीच्या वेळी वापरायचं दार ओलांडून असतात. तिथे जाऊन परत येईपर्यंत माणसाला पुन्हा तहान लागते. धंद्याचं गणित म्हणून मला ते पटलं, पण गुडघ्यांना पटलं नाही.

कौन्सिल पास देतं, मूत्राशय देत नाही. हे सत्य मला अक्सब्रिजच्या वाटेवर कळलं. दोन तास बस. त्याआधी हॅमरस्मिथला अर्धा ग्लास, आणि थंडी होती म्हणून वर कॉफी. हेज नावाच्या उपनगराच्या अलीकडे मी नेव्हिलला म्हणालो, "मला वाटतं, आपण इथे उतरून जरा परिसर बघावा." तो माझ्याकडे बघूनच समजला. उतरलो. परिसरात एक गादीचं दुकान बंद होतं आणि एक दुकान उघडं होतं. ते अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांचं होतं.

आत काळ्या सुटातला एक अतिशय मृदू माणूस होता. त्याने मला आधी स्वच्छतागृह दाखवलं, बाहेर आल्यावर खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "कोणासाठी?"

आता, ज्याचं स्वच्छतागृह वापरलं त्याला "कोणासाठीच नाही" असं सांगून उठून जाणं मला जमेना. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. मी म्हणालो, "माझ्याचसाठी." त्याचा चेहरा उजळला. पुढची पंचवीस मिनिटं मी माझ्या पेटीचं लाकूड निवडत होतो. ओक बरा की एल्म, अस्तर कुठल्या रंगाचं, फुलं आणायची की लोकांना नका आणू म्हणून सांगायचं. वाईट गोष्ट अशी की माझी मतं ठाम निघाली. एल्म मला मुळीच आवडत नाही. शेवटी "पाहुणे किती येतील?" असं त्याने विचारलं आणि मी मोजू लागलो. ग्वेंडा. मिसेस बेकफर्ड, गाणार असतील तर. नेव्हिल. नेव्हिलवर मी अडलो, कारण नॉर्थहॅम्प्टनहून त्या दिवशी त्याला सोयीची गाडी असेल का, हे सांगता येईना.

बाहेर आलो तर नेव्हिल पावसात उभा. दोन बस त्याने सोडल्या होत्या.

"बरं वाटतंय ना?" त्याने विचारलं.

"फारच," मी म्हणालो. हातातलं माहितीपत्रक त्याला दिसलं. त्याने काही विचारलं नाही. पण परतीच्या प्रवासात तो मला खिडकीकडे बसवून, उठताना कोपराला धरून, एकूणच इतकं जपून वागवत होता की आता माझ्या तब्येतीचा खुलासा करणंही अशक्य होऊन बसलं. त्यानंतर कित्येक आठवडे तो समजत होता की मी लवकरच मरणार आहे. तेव्हासुद्धा त्याने विचारलं नाही. उलट वेळापत्रकातले चढाचे रस्ते तेवढे बदलले.

जानेवारी उजाडला आणि तेहेतिसाव्या नंबरचा पब आला. तो पब म्हणजे माझं वाचनालय. म्हणजे इमारत तीच. सरकारने विकली, थॉर्नडाइकने घेतली. नेव्हिलने वेळापत्रकात त्याचं नुसतं रस्त्याचं नाव लिहिलं होतं. मी पायऱ्यांपाशी थांबलो.

"नको वाटत असेल तर इथे गेलो असं लिहून टाकू," तो म्हणाला.

वेळापत्रकात खोटं लिहायला तयार होणं ही नेव्हिलच्या बाबतीत केवढी मोठी गोष्ट आहे हे तुम्हाला कळायचं नाही. मी आत गेलो. माझ्या चौकशीच्या टेबलावर काटे-चमचे आणि सॉसच्या बाटल्या होत्या. शब्दकोशांच्या जागी नाणी गिळणारी जुगाराची दोन यंत्रं होती. मला संताप यायला हवा होता, मी तयारीही केली होती. पण खिडकीपाशी पाहिलं तर तीच माणसं बसलेली. म्हणजे तीच नव्हेत, पण त्याच जातीची. थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्र वाचायच्या निमित्ताने हीटरजवळ येऊन बसणारी, घरी कोणी नसलेली. आमच्याकडे ती एकच पान तासभर वाचायची, इथे एकच कॉफी परत परत भरून घेत होती. तीस वर्षं मला वाटत होतं की मी ज्ञानदान करतो. खरं म्हणजे मी माणसं उबेला बसवत होतो. नेव्हिलला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "बसचंही तेच आहे." आणि आम्ही अर्ध्याच्या जागी पूर्ण ग्लास घेतला.

त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण तेवढ्यात सॉसेज आलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर सत्तेचाळीस झाले, चौदा उरले. क्रॉयडनला जाणाऱ्या बसमध्ये मी चढलो, यंत्राने हिरवा दिवा दाखवला. मागून नेव्हिलने पास टेकवला. लाल. पुसून टेकवला. लाल. रांगेत मागे अकरा म्हातारे होते आणि ते अकराच्या अकरा छताकडे बघू लागले.

"बंद झालाय, सर," ड्रायव्हर शक्य तेवढ्या हळू म्हणाला.

ज्याने त्या बसचं वेळापत्रक स्वतःच्या हाताने बनवलं होतं, तो माणूस तिच्यातून खाली उतरला. मीही उतरलो. अर्थातच उतरलो.

कौन्सिलच्या कचेरीत टोकन घेऊन पाऊण तास बसल्यावर उलगडा झाला. फिलिपाने मुलगी म्हणून सगळी कर्तव्यं वेळेत पार पाडली होती. वडिलांचा पत्ता बदलणार आहे असं तिने ऑनलाइन कळवलं, तारीखही एकतीस मार्च घातली. पण यंत्राला पत्ता बदलणार आहे आणि पत्ता बदलला यांतला फरक कळत नाही.

"पुन्हा चालू करता येईल," खिडकीमागच्या बाई म्हणाल्या. "लंडनच्या पत्त्यावरचं विजेचं बिल दाखवा."

बिलं फिलिपाने नॉर्थहॅम्प्टनला वळवली होती.

"गॅसचं? पाण्याचं? बँकेचं?"

तिने काहीच मागे ठेवलं नव्हतं. कागदोपत्री नेव्हिल आमच्यातून जाऊन महिना झाला होता. मग बाईंनी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला. अर्जदाराला ओळखणाऱ्या प्रतिष्ठित नागरिकाने तो भरायचा होता. प्रतिष्ठित हा शब्द त्या तीन महिन्यांत माझ्याबद्दल पहिल्यांदाच कोणी वापरत होतं, म्हणून मी उत्साहाने पेन काढलं. नाव, पत्ता, ओळख किती वर्षांची, सगळं भरलं. शेवटच्या प्रश्नाशी थांबलो. तो असा होता: 'आपल्या माहितीप्रमाणे अर्जदार लंडनमध्येच राहतो आणि पुढेही कायम इथेच राहण्याचा त्याचा विचार आहे काय? हो किंवा नाही. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे.'

मी तो नेव्हिलला वाचून दाखवला.

"काय लिहू?"

"तुला माहीत असेल ते लिही."

"मला एवढंच माहीत आहे की तू एकतीस मार्चला जातोयस."

"हो. तूच म्हणालास ना, छान आहे म्हणून."

"मी?"

"तुझ्या स्वयंपाकघरात. फिलिपाला मी तोवर काही कळवलं नव्हतं. म्हटलं, आधी माल्कमला सांगून बघू, काय म्हणतो ते. तू म्हणालास, फारच छान. मग घरी जाऊन तिला हो म्हणून टाकलं."

मी पेन खाली ठेवलं. संदर्भ विभागातल्या माणसाला माहिती चुकीची दिल्याचं दुःख कसं होतं, ते दुसऱ्याला कळायचं नाही. इतक्या वर्षांत मी कोणाला चुकीचं पान काढून दिलं नव्हतं. दिलं ते नेव्हिलला, आणि तेही नको त्या दिवशी.

"मला छान वाटलं नव्हतं," मी म्हणालो. "मला भयंकर वाटलं होतं. तू गेलास तर गुरुवारी मी काय करू? दुसरा कोण आहे मला? जाऊ नकोस, नेव्हिल."

हे मी बहुधा मोठ्याने म्हणालो, कारण मागची सगळी रांग आपापल्या बुटांकडे बघू लागली. खिडकीमागच्या बाईंनी फटीतून टिश्यूचा डबा पुढे सरकवला. नेव्हिल काचेवरची कचेरीच्या वेळांची पाटी फार बारकाईने वाचत होता.

"आजारी आहेस का तू?" शेवटी त्याने विचारलं. "त्या पेटीवाल्याकडून आलास तेव्हापासून..."

"मला फक्त लघवी लागली होती!"

"मग हो वर खूण करा ना," मागून एक बाई म्हणाल्या. "माझी पार्किंगची वेळ संपतेय."

"कर," नेव्हिल म्हणाला. "हो वर कर."

खूण केली. बाईंनी शिक्का मारला आणि दहा दिवसांत पास चालू होईल म्हणाल्या. आम्ही घरी आलो ते जवळजवळ उड्या मारत, म्हणजे एका गुडघ्याला जमेल तितपत. आमच्या स्वयंपाकघरातूनच नेव्हिलने फिलिपाला फोन लावला. त्याला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर. त्याने सगळं सांगितलं. जरा जास्तच नीट सांगितलं, बसच्या वेळांसकट.



"हो का, डॅड," फिलिपा म्हणाली. "बरं. तुला बरं वाटतंय ना, मग झालं तर. कालच पडदे लावले मी त्या खोलीला. पण त्याचं काही नाही." मग ओव्हनमध्ये काहीतरी आहे म्हणाली आणि फोन ठेवला.

"बघ," नेव्हिल सुटकेचा श्वास टाकून म्हणाला. "उगाच घाबरत होतो. तिला काही वाटलंसुद्धा नाही."

"समजूतदार मुलगी आहे," मी म्हणालो.

ग्वेंडाने नळ बंद केला. हात पुसले. "पडदे विकतचे की घरी शिवलेले?" तिने विचारलं.

"घरी," नेव्हिल म्हणाला. "मशीन आणलं होतं तिने मुद्दाम. मला कापडाचे तुकडे पाठवले होते पोस्टाने, रंग निवडायला." आणि बोलता बोलता तो थांबला.

"आणि तिला काही वाटलं नाही," ग्वेंडा म्हणाली.

नेव्हिलने फोनकडे पाहिलं. मग उठला, खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला, एक बाही चुकून दुसरीत घालून परत काढली. "यूस्टन स्टेशनहून पावणेतीनला गाडी आहे," तो म्हणाला. "असं फोनवर सांगायला नको होतं. जाऊन बसतो तिच्याशी. चार दिवस राहतो, पडदे बघतो. दर महिन्याला येईन म्हणून सांगतो. तिला खरंच काय वाटतं तेही विचारतो, जमलं तर."

तिला विचारलं आणि तिने खरं सांगितलं, तर तो कदाचित परत यायचाच नाही, हे मला दिसत होतं. त्यालाही दिसत असणार.

"मी येतो बरोबर," मी म्हणालो.

"नको नको," नेव्हिल म्हणाला. "तुला कशाला उगाच त्रास. मी जाईन. अगदी खरंच."

या वेळी मी ते 'खरंच' खरं धरलं नाही. जिन्यापाशी जाऊन माझे चांगले बूट कुठे आहेत ते ग्वेंडाला ओरडून विचारलं.